कमोडोर विल्यम जेम्स व शूटर्स हिलवरील ‘सुवर्णदुर्ग’

(१)

लंडन शहराच्या आग्नेयेस शूटर्स हिल नांवाची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर झाडींत एक त्रिकोणी मनोरा उभा असून त्याची उंची सुमारें ६३ फूट आहे व तिन्ही कोनांवर षट्कोनी बुरूज आहेत. ह्या इमारतीस तेथील लोक ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ म्हणतात. ह्या नांवाचा इंग्रजी भाषेंत कांहींच अर्थ होत नाहीं. कारण तें नांव मुळांत इंग्रजी नव्हेच. कोंकणांत दापोलीच्या पश्चिमेस हर्णै बंदरासमोर जो सुवर्णदुर्ग नांवाचा जलदुर्ग आहे, त्याच्या नांवाचें इंग्रज खलाशांच्या तोंडीं झालेलें हें रूपांतर होय.

मनोऱ्याच्या दरवाज्यावर एक शिलालेख आहे. त्याचा आशय असा कीं, कैलासवासी सर विल्यम जेम्स, बॅरोनेट, यांच्या प्रतिनिधीनें ही इमारत इ. स. १७८४ मध्यें उभारली. कंपनीच्या आरमाराचे अधिपति असतां त्यांनीं पूर्वेकडील समुद्रांत जे पराक्रम केले त्यांचें, आणि विशेषेंकरून मलबार किनाऱ्यावरील सेव्हर्नड्रूगचा किल्ला त्यांच्या शौर्यानें व कौशल्यानें ता. २ एप्रिल १७५५ रोजीं हस्तगत झाला त्याचें, स्मरण राहावें हा हेतु.

शिलालेख वाचणाराची दृष्टि जें कोरलें आहे त्यावर जशी, तशीच जें गाळलें आहे त्यावरहि गेली पाहिजे. ह्या लेखांत कोंकणास ‘मलबार’ म्हटलें आहे. पण त्या काळचे इंग्रज सर्व पश्चिम किनाऱ्यास तेंच नांव देत, तेव्हां तो दोष किरकोळ होय. दुसरें असें कीं, किल्ला घेतांना पेशव्यांचें आरमार व फौज बरोबर होती, तिचा उल्लेख एका अक्षरानेंहि नाहीं. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, ती ही कीं, स्मारक बांधणारानें स्वतःचें नांवहि गाळलें आहे. तो ‘प्रतिनिधि’ म्हणजे जेम्साची विधवा पत्नी लेडी अ‍ॅन जेम्स होय. अर्थात् हा लेख कंपनीचा नव्हे व पार्लमेंटाचाहि नव्हे; तो एका कुटुंबाचा लेख आहे. ह्या दृष्टीनें तो वाचला असतां त्यांतून काय निष्पन्न होतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

विल्यम जेम्स याचा जन्म इ. स. १७२१ च्या सुमारास वेल्स प्रांतांत पेंब्रोकशायर परगण्यांत मिल्फर्ड हेवन बंदराजवळ झाला. त्याचा बाप पिठाची गिरणी चालविणारा होता असें सांगतात. घराण्याचा वशिला नाहीं, द्रव्य नाहीं, अशा स्थितींत तो लहानपणींच दर्यावर गेला. वेस्ट इंडीजच्या समुद्रांत असतां तो स्पॅनिश लोकांच्या हातीं सांपडून हवाना येथें कैदेंत होता. सुटून निघाल्यावर त्याचें जहाज बुडालें व कांहीं सोबत्यांसह उघड्या होडींत अनेक दिवस हालांत काढावे लागले, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं दिली आहे.

इ. स. १७४७ मध्यें तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिरला. मुंबईकर इंग्रजांचें आरमार त्या वेळीं लहान होतें. व्यापारी गलबतांस सोबत देऊन पश्चिम किनाऱ्यावरून सुखरूप नेणें हें त्याचें मुख्य काम असे. ‘गार्डियन’ नांवाच्या लढाऊ जहाजावर जेम्साची नेमणूक झाली, आणि इ. स. १७५१ मध्यें तो मुंबईच्या सर्व आरमाराचा अधिपति झाला. त्याचें निशाण ‘प्रोटेक्टर’ ह्या ४४ तोफांच्या जहाजावर असे. गिरणीवाल्याचा मुलगा तिशीच्या आंत ह्या पदास चढला, तो केवळ समुद्राच्या ज्ञानामुळें.

ह्या आरमाराचा मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे आंग्रे. इंग्रजी ग्रंथांत आंग्र्यांस सरसहा ‘चांचे’ म्हटलेलें आढळतें. परंतु कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल होते व आपलें दस्तक घेतल्यावांचून ह्या पाण्यांतून कोणीं जाऊं नये, हा त्यांचा दावा राजसत्तेचा होता, हें वाचकांस विदित आहेच. कान्होजी इ. स. १७२९ मध्यें वारले. पुढें घरांत फूट पडून कुलाबा एका शाखेकडे व विजयदुर्ग दुसरीकडे गेला. संभाजीच्या मागून विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग तुळाजीच्या हातीं आले. तुळाजी दर्यावर जितका प्रबळ, तितकाच पेशव्यांशीं हट्टी. इंग्रजांचें ‘रेस्टोरेशन’ नांवाचें जहाज त्यानें इ. स. १७४९ मध्यें धरिलें होतें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

(३)

इ. स. १७५५ च्या मार्चांत मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शियर व नानासाहेब पेशव्यांचे कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामध्यें तुळाजीविरुद्ध करार झाला. ता. २२ मार्च रोजीं जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याबरोबर ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचें ‘स्वॅलो’, आणि ‘व्हायपर’ व ‘ट्रायंफ’ हीं गरनाळा डागणारीं दोन गलबतें होतीं. चौलाकडून पेशव्यांचें आरमार येऊन मिळालें. त्यांत ७ गुराबा व ६० गलबतें असल्याचें ऑर्म याच्या इतिहासांत नमूद आहे.

इंग्रज सुवर्णदुर्गासमोर येतांच बंदरांतील आंग्र्यांचीं तारवें दोर तोडून दक्षिणेस निघालीं. जेम्सानें पाठलाग केला. वारा मंद होता. आंग्र्यांच्या खलाशांनीं ओझें कमी करण्यासाठीं सामान समुद्रांत टाकिलें व अंगावरचीं वस्त्रें आणि पागोटींहि शिडांसारखीं पसरलीं. इंग्रजांच्या जड जहाजांस तीं गांठतां आलीं नाहींत. हा प्रसंग शत्रूनें लिहून ठेविला असल्यामुळें तुळाजीच्या खलाशांच्या कसबाची ती निःपक्षपाती साक्ष मानण्यास हरकत नाहीं.

मग जेम्स किल्ल्याकडे वळला. समुद्राकडील तट खडकांत कोरलेला. त्यावर तोफांचा उपयोग होईना. किल्ल्यांतून फुटून आलेल्या एका माणसानें ही गोष्ट सांगितल्यावर त्यानें जहाजें किल्ला व किनारा यांमधील उथळ खाडींत आणलीं. भरती-ओहोटीचा व तळाचा अंदाज चुकता तर ‘प्रोटेक्टर’ खडकावर बसलें असतें. जवळून झालेल्या माऱ्यानें किल्ल्यांतील गवती छपरांस आग लागली, ती दारूच्या कोठारापर्यंत पोहोंचली व कोठार उडालें. लोक होड्यांत बसून किनाऱ्यावरील गोवा किल्ल्याकडे निघाले. किल्लेदार निवडक माणसांसह परत जलदुर्गांत आला, तेव्हां जेम्सानें आपले निम्मे खलाशी उतरवून कुऱ्हाडींनीं दरवाजा फोडविला व जागा घेतली. ता. ८ एप्रिल रोजीं बाणकोटहि इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

इंग्रज लेखक म्हणतात, पेशव्यांचें आरमार मागें मागें राहिलें व जमिनीवरील फौज दुरूनच गोळे टाकीत बसली. ह्यांत कांहीं तथ्य नसेलच असें नाहीं. परंतु किनाऱ्यावरील किल्ल्यांस जमिनीवरून वेढा पडला असतां जलदुर्गास रसद व माणसें पोहोंचविणें किती कठीण होतें, हें ते सांगत नाहींत. शिवाय सुवर्णदुर्ग करारान्वयें पेशव्यांकडे गेला, इंग्रजांकडे राहिला नाहीं. तुळाजीचीं अंजनवेल, रत्नागिरी इत्यादि ठाणीं रामाजी महादेव, खंडोजी माणकर प्रभृतींच्या फौजांनींच घेतलीं. सारांश, शूटर्स हिलवरील लेखांत जो एका पुरुषाचा पराक्रम म्हणून दिसतो, तो वस्तुतः दोन सत्तांच्या संयुक्त मोहिमेचा एक भाग होता. त्या भागांत मात्र जेम्साचें साहस व समुद्रज्ञान निर्विवाद आहे.

(४)

त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅडमिरल वॉटसन मुंबईस होता. विजयदुर्ग, ज्यास इंग्रज ‘घेरिया’ म्हणत, तो अभेद्य आहे अशी मुंबईस समजूत होती. जेम्स जाऊन खाडीचें पाणी मोजून आला आणि त्यानें कळविलें कीं, जहाजें तटाजवळ जाऊं शकतील. हें खलाशाचें काम, व विजयदुर्गाच्या पुढील घटनांचें मूळ ह्याच मोजणींत आहे. ता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं मारा सुरू झाला. आग प्रथम लागली ती ‘रेस्टोरेशन’ह्या मागें धरलेल्या जहाजास. तेथून ती पसरून बंदरांत जवळजवळ बांधलेलें तुळाजीचें सर्व आरमार जळून गेलें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. सुमारें १० लक्ष रुपयांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली, पेशव्यांस हिस्सा दिला नाहीं, व किल्लाहि ऑक्टोबर १७५६ च्या तहापर्यंत सोडला नाहीं. नानासाहेबांनीं आपल्याच दर्याची एक भुजा परक्याच्या हातून तोडविली, असा ठपका मराठी इतिहासकारांनीं पुढें ठेविला. तुळाजीच्या उद्दामपणाकडे पाहतां पेशव्यांस दुसरा मार्ग कोणता होता, असा प्रतिप्रश्नहि झाला आहे. तो वाद येथें निवडावयाचा नाहीं. विजयदुर्गीं पुढें धुळपांच्या हाताखालीं पेशव्यांचें आरमार उभें राहिलें, परंतु आंग्र्यांची जरब त्यास पुन्हां आली नाहीं, इतकें म्हटलें म्हणजे पुरे.

प्रस्तुत विषयास लागू असा एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. तुळाजी स्वतः मराठ्यांच्या छावणींत अडकला होता. त्याची आई, बायका व मुलें किल्ल्यांत होतीं. वॉटसनचा वैद्य एडवर्ड आइव्हज यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं, वॉटसन त्यांस भेटावयास गेला तेव्हां वृद्ध मातेनें आपलें घर निराधार झाल्याचें सांगून शोक केला. वॉटसननें धीर देतांच तुळाजीचा सुमारें सहा वर्षांचा धाकटा मुलगा त्याचा हात धरून, तर मग तुम्हीच आमचे बाप, अशा अर्थाचें बोलला, व वॉटसनच्या डोळ्यांस पाणी आलें. तुळाजीचें उरलेलें सर्व आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. दर्यावर्दी पुरुषाचें एक घर त्या दिवशीं असें मोडलें. त्याच लढाईंत असलेल्या दुसऱ्या दर्यावर्दी पुरुषाचें घर पुढें कसें वसलें, तें आतां पाहूं.

(५)

इ. स. १७५७ मध्यें फ्रान्साशीं युद्ध जाहीर झाल्याची वार्ता बंगाल्यांत पोहोंचविण्याचें काम जेम्साकडे आलें. मोसमाचा वारा विरुद्ध असतां तो विषुववृत्त ओलांडून बराच दक्षिणेस उतरला, तेथून पूर्वेस जाऊन मग उत्तरेस बंगालच्या उपसागरांत शिरला. मोसम उलटा असतांहि वेगळा मार्ग धरून मुंबईहून पूर्व किनारा गांठतां येतो, हें त्यानें दाखविलें. किल्ले घेण्याइतकीच ही कामगिरी त्याच्या समव्यवसायींत नांवाजली गेली.

इ. स. १७५९ मध्यें तो विलायतेस परतला. कंपनीनें त्यास सोन्याच्या मुठीची तलवार दिली. वय अवघें ३८ च्या सुमाराचें. समुद्रावरील नोकरी संपली. त्यानें केंट परगण्यांत एल्थम गांवीं ‘पार्क फार्म प्लेस’ ही जागा घेतली व इ. स. १७६५ मध्यें विल्टशायरमधील हार्टमच्या एडमंड गॉडर्ड याची कन्या अ‍ॅन हिच्याशीं विवाह केला. त्यांस एक कन्या व एक पुत्र झाला.

ह्या गृहस्थाश्रमाची साक्ष एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडते. ‘ट्रिस्ट्रम शँडी’ ह्या कादंबरीचा कर्ता लॉरेन्स स्टर्न हा जेम्स दांपत्याचा स्नेही होता. लंडनमध्यें जेरार्ड स्ट्रीटवरील त्यांच्या घरीं त्याचें जाणें-येणें असे. मुंबईच्या कौन्सिलांतील डॅनियल ड्रेपर याची पत्नी एलायझा हिची व स्टर्नची ओळख इ. स. १७६७ च्या आरंभीं ह्याच घरीं झाली. मुंबईहून विलायतेस गेलेल्या माणसांस तें घर आपलें वाटे असें ह्यावरून दिसतें. मार्च १७६८ मध्यें स्टर्न मरणोन्मुख असतां त्यानें आपलें अखेरचें पत्र मिसेस जेम्स हिलाच लिहिलें व आपल्यामागें आपली मुलगी लिडिया हिचा सांभाळ करावा अशी विनंति केली. मरणाऱ्या माणसानें आपली मुलगी ज्या घरावर सोपवावी, तें घर कसें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुढें जेम्स कंपनीचा डायरेक्टर, डेप्युटी चेअरमन व चेअरमन झाला, इ. स. १७७४ पासून मरेपर्यंत वेस्ट लू ह्या मतदारसंघातर्फें पार्लमेंटचा सभासद होता, इ. स. १७७८ मध्यें त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. सर जोशुआ रेनल्ड्स यानें त्याचें चित्र काढिलें असून तें ग्रीनिच येथील नाविक संग्रहालयांत आहे.

इ. स. १७८३ च्या डिसेंबरांत फॉक्स याचें हिंदुस्थानविषयक बिल पार्लमेंटांत गाजत होतें व कंपनीचें आसन डळमळूं लागलें होतें. ता. १६ रोजीं जेम्साच्या कन्येचें लग्न थॉमस बूथबी पार्किन्स याच्याशीं होतें. त्याच दिवशीं जेम्सास झटका येऊन तो वारला. ज्या घरीं मांडव, त्याच घरीं शोक, असा हा प्रसंग झाला. एल्थम येथेंच त्याचें दफन झालें.

(६)

पुढल्याच वर्षीं लेडी जेम्स हिनें रिचर्ड जप ह्या वास्तुशिल्पज्ञाकडून मनोरा बांधविला. तो कंपनीच्या इमारतींचाहि काम पाहणारा होता. पतीच्या पदव्या पुष्कळ होत्या. चेअरमन, सभासद, बॅरोनेट. त्यांपैकीं एकीवरूनहि तिनें स्मारकास नांव दिलें नाहीं. विवाहाच्या दहा वर्षें आधीं, स्वतः कधीं न पाहिलेल्या समुद्रांत, पतीनें घेतलेल्या किल्ल्याचें नांव तिनें निवडलें. विजयदुर्गाची लढाई अधिक मोठी व लुटीनें अधिक भरलेली होती. पण तेथें वॉटसन व क्लाइव्ह हे वांटेकरी होते. सुवर्णदुर्गीं इंग्रजांकडून जेम्स एकटाच होता. निवृत्त खलाशी घरीं बसून पुनः पुनः कोणती गोष्ट सांगत असेल, याचें अनुमान ह्या नांवावरून होतें. म्हणून शिलालेखांतील अतिशयोक्ति ही दरबारी खोटेपणाची नव्हे. ती चुलीपाशीं ऐकलेल्या कथेची आहे. ती मनुष्याविषयीं खरी असून प्रसंगाविषयीं अपुरी आहे. इतिहाससंशोधकानें दोन्ही गोष्टी एकदम ध्यानांत ठेवाव्या.

घराणें फार टिकलें नाहीं. पुत्र सर एडवर्ड विल्यम जेम्स इ. स. १७९२ मध्यें अविवाहित वारला व बॅरोनेटपद लयास गेलें. लेडी जेम्स इ. स. १७९८ मध्यें वारली. मनोरा मात्र राहिला. जनरल रॉय यानें ग्रीनिच व पॅरिस येथील वेधशाळा जोडणाऱ्या मोजणींत त्याचा उपयोग केला. इ. स. १९२२ मध्यें लंडन कौंटी कौन्सिलनें तो विकत घेतला; कालांतरानें तो बंद झाला. पुढें स्थानिक लोकांनीं मंडळ स्थापून दुरुस्ती केली व इ. स. २०१४ मध्यें तो लोकांस पुनः खुला झाला. इकडे हर्णैचा मूळ सुवर्णदुर्गहि इ. स. २०२५ मध्यें, मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह, जागतिक वारशाच्या यादींत गेला. एकाच नांवाच्या दोन वास्तु, एक समुद्रांत व एक टेकडीवर, अशा आज जपल्या जात आहेत.

(७)

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. ता. २ एप्रिल १७५५ रोजीं किल्ल्यांत तोफांवर उभे असलेले गोलंदाज, पागोटीं पसरून तारूं वांचविणारे तांडेल व खलाशी, आणि पेशव्यांच्या गुराबांवरील सारंग, हेहि जन्मभर दर्यावर राबलेले व घरीं बायकामुलें असलेलेच पुरुष होते. त्यांचीं स्मारकें कोठें आहेत?

मनोरे आपल्याकडे कोणीं बांधले नाहींत. पण स्मरणाची एक वेगळी रीत आपल्या राज्यांत होती. सरकारकामीं पडलेल्या माणसाच्या मुलांस पोटगी चालविण्याची जी चाल, तिला बालपरवेशी म्हणत. तिच्या नोंदी पेशव्यांच्या रोजकीर्दींत व सनदापत्रांत आहेत. अशा नोंदींत पडलेल्या माणसाचें नांव, तो कोणत्या कामावर पडला, मागें कोण राहिलें व त्यांस काय चालवावें, हें दोन-चार ओळींत येतें. लेडी जेम्सनें दगडावर जें कोरविलें, तेंच सरकारच्या कारकुनानें कागदावर लिहिलें; भेद इतकाच कीं, कागदांत स्तुति नाहीं, परंतु विधवेचें व मुलांचें अस्तित्व नोंदलेलें आहे. दगडावरील लेखांत तें नाहीं.

पुणें येथील पेशवे दप्तरांतून सरदेसाई यांनीं इ. स. १९३० ते १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांत राजकारणाच्या कागदांस अग्रस्थान मिळालें, व तें त्या वेळीं योग्यच होतें. परंतु आरमाराचा इतिहास केवळ तहनाम्यांनीं व लढायांनीं पुरा होत नाहीं. हर्णै, आंजर्लें, दाभोळ, विजयदुर्ग, अलिबाग ह्या बंदरांतील जुन्या घरांत एखादें इनामपत्र, नौकेच्या बांधणीचा हिशेब, खलाशांच्या वेतनाची याद किंवा बालपरवेशीची सनद मिळाली, तर तिला घरगुती कागद म्हणून बाजूस सारूं नये. हस्तलिखितांचा संग्रह करणारे बहुधा मोहर व मोठें नांव पाहून कागद उचलतात. ज्या कागदावर तांडेलाचें नांव आहे, त्यावर मोहर लहान असते; पण शूटर्स हिलवरील शिलालेखास जें उत्तर द्यावयाचें, तें अशाच कागदांतून मिळणार आहे.

जेम्साविषयीं आकस धरण्याचें कारण नाहीं. तो शूर होता, दर्याचें ज्ञान त्यास अपूर्व होतें, व ज्यांनीं त्याच्याबरोबर संसार केला त्यांस तो प्रिय होता. त्याच्या पत्नीनें त्याचें नांव राखिलें व त्याच्याबरोबर, मोडक्या उच्चारांत कां होईना, आपल्या किल्ल्याचेंहि राखिलें. ज्यांनीं तो किल्ला लढविला, त्यांचीं नांवें राखण्याचें काम मात्र तिचें नव्हतें. तें आपलें आहे.